एर्सिलियाबाईंची चाळीस मिनिटं

मित्रांनो, मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, बोलताना थोडं पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या. धावणाऱ्यांची वेळ मोजणारं किल्लीचं घड्याळ मी, वय वर्षं साठ. लोक मला स्टॉपवॉच म्हणतात. डोक्यावरचं बटण दाबलं की मी पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. आजवर मी कुणाला सेकंदाच्या पाचव्या भागाचीही सूट दिली नाही. राजाचा मुलगा आला असता तरी दिली नसती. त्याचा मला फार गर्व होता.

माझा जन्म बर्फाच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. एका बाईनं डोळ्याला भिंग लावून माझी चाकं बसवली, मला कानाशी धरलं आणि म्हणाली, "हा चुकायचा नाही." तिथून बोटीत बसून मी कोलंबियात आलो आणि डोंगरातल्या ला सेहा गावच्या शाळेत खेळाच्या अर्नुल्फो मास्तरांच्या हाती पडलो. तेव्हा मास्तरांच्या मिशा काळ्या होत्या. तीस वर्षं आम्ही दोघांनी मैदान गाजवलं. पोरं जिंकली की माझ्या काचेचे मुके घेत, हरली की मला शिव्या देत. मी दोन्हीकडे लक्ष देत नसे.

मग बॅटरीवर चालणारी, आकडे दाखवणारी घड्याळं आली आणि मला खणात टाकलं. अकरा वर्षं, मित्रांनो! सोबतीला एक तुटकी शिट्टी आणि वाळलेलं पेन. किल्ली नाही, उजेड नाही, साधी विचारपूस नाही. मी रडलो असतो, पण माझ्यात पाणी शिरलं तर मी मरतो.

मास्तर निवृत्त झाले, त्यांचा गुडघा गेला, आणि एका रविवारी त्यांनी मला खणातून काढून शर्टाला पुसलं. गावात साठी उलटलेल्या अकरा जणांनी मिळून धावायचं ठरवलं होतं. स्वतःला ते 'गंजके' म्हणवून घेत. मास्तर स्वतः धावू शकत नव्हते, म्हणून वेळ मोजायचं काम त्यांच्याकडे आलं. चर्चच्या पायऱ्यांपासून निघायचं, फुलांच्या शेतांमधल्या लांबलचक रस्त्यानं जायचं, गुरांच्या फाटकाजवळ ठेवलेल्या पांढऱ्या पिंपाला हात लावायचा आणि परत फिरायचं. बरोबर पाच किलोमीटर.

पहिल्याच दिवशी माझे काटे जागच्या जागी थिजायचे बाकी राहिले. पहिला आला एवेलिओ न्हावी. कुणी टाळी वाजवली नाही. दुसरा आला, तिसरा आला, सगळे नुसते उभे! पायऱ्यांशी मांडलेल्या चुलीवर गुळाचं पाणी उकळत होतं, शेजारी चीजचे तुकडे कापून ठेवले होते, पण कुणी पेल्याला हात लावेना. मग दूर वळणावर शेवटच्या नुबियाबाई दिसल्या. त्याबरोबर ही सगळी दमलेली म्हातारी माणसं उलटी पळत सुटली, त्यांना घेऊन परत आली आणि टाळ्यांचा कडकडाट! शेवटून पहिल्या आलेल्या बाईला! मला वाटलं, यांना शर्यत कशाशी खातात हेच कुणी शिकवलेलं नाही.

त्यांचा नियमच होता तो. शेवटचा माणूस आल्याशिवाय गुळाचं पाणी प्यायचं नाही, आणि त्याला एकट्याला येऊ द्यायचं नाही. हळूहळू मला ते आवडायला लागलं. पण कुणाला सांगू नका, आमच्या जातीत हे शोभत नाही.

या सगळ्यांत एर्सिलियाबाई म्हणजे तिखट मिरची. तीस वर्षं त्यांनी फुलांच्या शेतात कार्नेशनच्या जुड्या बांधल्या होत्या. नवरा गेला, मुलं परदेशी, घरात एकट्या. आठवड्यातून एकदा, रविवारी, त्या चारचौघांत बसून खात. धावताना चष्म्यावर वाफ धरते म्हणून तो काढून मास्तरांकडे देत आणि अंदाजानं पळत. अडुसष्टाव्या वर्षी एका डिसेंबरात त्यांची वेळ एकोणचाळीस मिनिटं पन्नास सेकंद आली. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, "चाळीसच्या वर गेले ना, त्या दिवशी बूट खुंटीला. मग घरीच बसेन. रडतखडत पळणाऱ्यातली मी नाही."

सगळे हसले. हिल्दार्दो मात्र हसला नाही. हा दुधाच्या गाडीचा निवृत्त ड्रायव्हर, बोलायला मऊ, अंगानं जाडा. पिंप त्याच्या ताब्यात असे. दर जानेवारीत तो ते आपल्या जुन्या गाडीतून घरी नेई, पांढरा रंग मारी आणि परत ठेवून येई.

त्यानंतर नवलच घडलं. वर्षामागून वर्षं गेली, पण गंजके म्हातारे होईनात! एर्सिलियाबाई सत्तरीत गेल्या, सत्त्याहत्तरच्या झाल्या, आणि माझा काटा दर रविवारी एकोणचाळीसवर थांबे. एवेलिओ तर दुकानात गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून फुशारकी मारी, "वय वाढतं, वेळ नाही वाढत! आमचं रक्तच तसं." नुबियाबाई कधी दमून बसल्या की एर्सिलियाबाई टोमणा मारत, "अगं, मनानं म्हातारी झालीस तू! माझ्याकडे बघ." आणि मी, मित्रांनो, मी त्यावर शिक्का मारत होतो. चुकायचा नाही म्हणे!

यंदा गावात साठीच्या वरच्या लोकांची पाच किलोमीटरची शर्यत जाहीर झाली. मोजपट्टीनं मोजलेला रस्ता, प्रत्येक किलोमीटरला पाटी, चर्चसमोर हवा भरलेली कमान, पदकं. पंचेचाळीस मिनिटांनी कमान उतरणार आणि रस्ता गाड्यांना मोकळा होणार. एर्सिलियाबाईंनी कुणाला न विचारता अकराच्या अकरा नावं देऊन टाकली. "पाच मिनिटं हातात राहतील, तेवढ्यात मी केस विंचरून फोटो काढून घेईन," असं त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी हिल्दार्दो मास्तरांच्या ओसरीवर आला. तोंड पिठासारखं पांढरं.

"मास्तर, ते पिंप..."

"काय झालं? गंजलं?"

"सरकलं."

"वाऱ्यानं?"

"नाही. माझ्यानं."

मी मास्तरांच्या खिशात होतो. त्यांचं काळीज धाडकन उडालेलं मला लागलं.

"किती सरकवलंस?"

"दर जानेवारीत साठ-सत्तर पावलं. नऊ वर्षं झाली."

"आवे मारिया! अरे गाढवा, म्हणजे जाऊन येऊन जवळजवळ एक किलोमीटर गिळलास तू! आणि कुणाला कळलं नाही?"

"कळणार कसं? फुलांचे मांडव वाढत वाढत गेले, गुरांचं फाटक पाडलं. आता सगळा रस्ता दोन्हीकडून सारखाच प्लास्टिकचा. आणि पळताना आपली मंडळी बघतात कुठे? बडबड करतात नुसती." हिल्दार्दोनं टोपी काढून हातात पिळली. "बाई घरी बसल्या असत्या, मास्तर. पहिल्या वर्षी म्हटलं, एकदाच. मग थांबता येईना. पिंप परत जागेवर ठेवलं असतं तर एका रविवारात कळलं असतं."

मित्रांनो, ऐकलंत? मी खरा, माझा प्रत्येक ठोका खरा, आणि रस्ता खोटा! नऊ वर्षं मी छाती फुगवून थाप मारत होतो. तुम्हाला कुणी सांगितलं की तुमच्या वहीतलं प्रत्येक उत्तर बरोबर आहे, पण सगळे प्रश्नच बदललेले होते, तर कसं वाटेल?

"आजच जाऊन सांग तिला," मास्तर म्हणाले.

तो गेला. एर्सिलियाबाई नवीन नाडी ओवत होत्या. त्यांनी त्याला गरम आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, खायला दिली आणि विचारलं, "फोटोत लाल टोपी घालू की निळी?" हिल्दार्दो "लाल" म्हणून परत आला. दुसऱ्या दिवशी गेला, परत आला. तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून आले. ज्यांनी तीस वर्षं पोरांना दटावलं, त्या मास्तरांची ही गत! मला त्यांची लाज वाटली. शेवटी दोघं एकमेकांना म्हणाले, कदाचित पाऊस पडेल.

पाऊस पडला नाही. आठच्या टोल्याला शर्यत सुटली आणि मास्तरांनी माझं बटण दाबलं. तेहेतीस मिनिटांत येणारा एवेलिओ एक्केचाळीसला आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला कानाला लावलं, गदागदा हलवलं. "मास्तर, तुमचं घड्याळ बिघडलं!" मागोमाग एकेक येत होता आणि आकडा ऐकून डोळे फाडून उभा राहत होता. कुणाचाच आपल्या पायांवर विश्वास बसेना. टोमण्यांच्या इरेला पेटून सुरुवातीपासूनच पुढे पळालेल्या नुबियाबाई त्रेचाळीसला आल्या, आयुष्यात पहिल्यांदा एर्सिलियाबाईंच्या पुढे, आणि घाबरून विचारू लागल्या, "ती कुठंय? काही झालं का तिला?"

पंचेचाळीस मिनिटं झाली. कमानीतली हवा सोडली, ती रस्त्यावर लोळण घेत पडली. शिपायानं दोर सोडला, गाड्या सुटल्या. एर्सिलियाबाईंचा पत्ता नाही.

हिल्दार्दो सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं एका दमात सगळं सांगितलं. एवेलिओनं त्याची कॉलर धरली. "नऊ वर्षं मला उल्लू बनवलंस? गावभर सांगत सुटलो मी!" पण नुबियाबाई ओरडल्या, "त्याला नंतर मारा रे! ती एकटी आहे तिकडे!" आणि सगळे उलटे पळत सुटले. मास्तरही निघाले, लंगडत. मला थांबवायचं ते विसरले. मी त्यांच्या मुठीत पळतच होतो.

चार किलोमीटरच्या पाटीखाली एर्सिलियाबाई फुटपाथवर बसल्या होत्या. लाल टोपी मांडीवर, एक हात छातीवर. चेहऱ्यावर घाम नव्हता, भीती होती. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"या पाटीशी आले तेव्हा इथल्या शिपायानं आठ एकोणचाळीस झाल्याचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "आणि पाटी म्हणते चार! मागच्या रविवारी तर मी... नुबिया, माझ्या आत काहीतरी मोडलंय गं. एका आठवड्यात मी म्हातारी झाले. डॉक्टरला बोलवा."

हे ऐकलं आणि हिल्दार्दो गुडघ्यांवर बसला. "काही मोडलेलं नाही, बाई. मी पिंप सरकवलं होतं." मग पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हुंदके देत.

एर्सिलियाबाईंनी मांडीवरची लाल टोपी त्याच्या अंगावर फेकली. मग त्यांचा आवाज फुटला. "मेल्या! नऊ वर्षं मी हिला म्हातारी म्हणून हिणवलं. आरशात सुरकुत्या दिसल्या की म्हणायची, आरसा खोटारडा आहे, घड्याळ बघा! आणि आज इथं बसून मी मनातल्या मनात मुलांचा निरोप घेतला. तुला कळतंय का तू काय केलंस?"

"तुम्ही घरी बसाल म्हणून भ्यालो, बाई."

"मग दारात येऊन मला ओढून न्यायचं होतंस! ते सोडून पिंप ओढत बसलास?"

गाड्या भोंगे वाजवत बाजूनं जात होत्या. शेवटी नुबियाबाई त्यांच्याशेजारी फुटपाथवर बसल्या आणि म्हणाल्या, "ऊठ. शेवटचा आल्याशिवाय गुळाचं पाणी नाही, ठाऊक आहे ना? माझा घसा कोरडा पडलाय."

एर्सिलियाबाईंनी मास्तरांच्या मुठीकडे पाहिलं. "ते चालू आहे का अजून?"

"चालू आहे."

"मग उभे काय राहिलात सगळे?"

शेवटचा एक किलोमीटर ते बाराही जण फुटपाथवरून आले. कमान नव्हती, पदकं नव्हती, एक झाडूवाला रस्त्यावरचे पेले गोळा करत होता. एर्सिलियाबाईंनी चर्चच्या पायरीला हात लावला आणि मास्तरांनी माझं बटण दाबलं. बाईंनी चष्मा लावून मला हातात घेतलं.

आणि आता ऐका मित्रांनो, माझी फजिती. माझ्या तबकडीवर साठच मिनिटं आहेत. साठ झाली की काटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. तेवढा वेळ मला कुणी कधी पळवलंच नव्हतं! माझ्या काचेखाली स्पष्ट दिसत होतं, नऊ मिनिटं वीस सेकंद. हिल्दार्दोला खोटारडा म्हणणारा मी, सगळ्या गावासमोर धडधडीत खोटं दाखवत उभा होतो. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

एर्सिलियाबाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खो खो हसत सुटल्या. "नऊ मिनिटं! आवे मारिया, जगात कुणाला जमलं नाही ते! हिल्दार्दो, हेही तूच केलंस का रे?" हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. ते पुसून त्या मास्तरांना म्हणाल्या, "खरं सांगा."

मास्तर म्हणाले, "एक तास, नऊ मिनिटं, वीस सेकंद."

"तेच लिहा. आणि हिल्दार्दो, उद्या सकाळी गाडी घेऊन माझ्या दारात ये. पिंप जिथून उचललंस तिथे ठेवायचंय, मी समोर उभी राहणार."

नुबियाबाईंनी भीतभीत विचारलं, "आणि बूट? खुंटीला?"

"धुवायला," एर्सिलियाबाई म्हणाल्या. "मळलेत."

मित्रांनो, तुमच्या घरच्या खणात माझ्यासारखं जुनं काही पडलं असेल तर त्याला पुसा, किल्ली द्या. पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. घड्याळाजवळ खरं बोलणारा एक माणूस उभा लागतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. आणि तुमचं कुणी मागे पडत असेल तर त्याचा रस्ता कापू नका. उलटे पळत जा आणि त्याला घेऊन या. गेल्या रविवारी एर्सिलियाबाईंना बावन्न मिनिटं लागली. त्या शेवटून पहिल्या आल्या, आणि त्यांना आणायला सगळ्यांत पुढे हिल्दार्दो पळत होता.