अण्णांचं पाळीपत्रक

मी, अनुपमा, चिडकी आहे हे आमच्या घरात सर्वमान्य आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकते. कॅमेरा मी आणला, अट मी घातली आणि तिकीटही मीच काढलं. सुजीतवर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, उगाच खापर फोडायला नको. तो बिचारा आठवड्याचे पाच दिवस घरात नसतोच.

दोन हजार नऊ साली दुबईतली निम्मी बांधकामं जागच्या जागी थांबली आणि त्यांच्याबरोबर सुजीतची नोकरीही थांबली. सात महिन्यांनी त्याला रास अल खैमाला फरशांच्या कारखान्यात काम मिळालं. तो तिकडेच खोली घेऊन राहू लागला, घरी यायचा ते गुरुवारी संध्याकाळी. अल बर्शाचं ऐसपैस घर सोडून आम्ही शारजाला, रोल्लात, दोन खोल्यांत आलो. माझं ऑफिस मात्र अल बर्शातच राहिलं. संध्याकाळच्या गर्दीत तिथून घरी यायला दीड तास, कधी दोन. आमची अंतरा तेव्हा आठ वर्षांची. शाळेतून आल्यावर तिच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून आम्ही पुण्याहून माझ्या सासऱ्यांना बोलावून घेतलं.

सासरे, वसंतराव, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालव्यावर गेली. कुठल्या शेताला कुठल्या दिवशी किती तास पाणी, हे ठरवून ते तडीस नेणं हे त्यांचं काम. माणूस कमी बोलणारा. खिशाला पेन, हातात वही आणि नजर समोरच्यावर, त्यामुळे आपलीच तपासणी चालली आहे असं वाटत राहायचं. खरं सांगायचं तर लग्नानंतरची दहा वर्षं आमचं एकमेकांशी फारसं काही जमलं नव्हतं. वाजलंही नव्हतं, पण जमलंही नव्हतं.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये अण्णा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. मधुमेहाची गोळी घेतली आणि नाश्ता करायला विसरले. अंतरा शाळेतून आली तेव्हा ते जमिनीवर होते. दोन तास पडून होते म्हणे. पोरीने शेजाऱ्यांची दारं ठोठावली. त्या दिवसानंतर पुण्याच्या नणंदेने, लतिकाने, तळेगावजवळच्या एका चांगल्या वृद्धाश्रमात जागा बघितली. अण्णांना जायचं नव्हतं. तसं ते म्हणाले नाहीत, फक्त त्या दिवसापासून अंतराला शाळेच्या बसपर्यंत सोडायला दहा मिनिटं आधीच निघू लागले.

मग मी वायफायवर चालणारा कॅमेरा आणला. बैठकीच्या कोपऱ्यात लावला, अशा जागी की तिथून स्वयंपाकघराचं दारही दिसावं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मला घर दिसणार होतं. आणि मी अट घातली: कॅमेरा नीट चालला तर अण्णा इथे राहतील, नाहीतर जूनअखेर शाळा सुटल्या की पुण्याला. सुजीत मान खाली घालून हो म्हणाला. अण्णांनी कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसले.

सकाळी चित्र अगदी लख्ख यायचं. दुपारी चारच्या सुमाराला अडखळायचं आणि मग जायचंच. सातला, मी घराच्या वाटेवर असताना, परत यायचं. मधल्या तीन तासांत माझ्या डोळ्यांसमोर काळा चौकोन आणि मनात स्वयंपाकघराची ती फरशी. मी फोन करायची. अण्णा उचलायचे, "आहे, बरा आहे" म्हणायचे. दहा मिनिटांनी मी परत करायची. एप्रिलमध्ये एकदा त्यांनी फोन उचललाच नाही. मी टॅक्सी करून दीड तास वाहतुकीत जीव मुठीत धरून घरी आले, तर आजोबा-नात गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले होते आणि आता निवांत पत्ते खेळत होते.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चार दहाला चित्र गेलं होतं ना?"

मला राग इतका आला होता की, यांना हे कसं कळलं, हे विचारायचं मी विसरलेच. कळलं होतं ते असं की, कॅमेऱ्यावर एक बारीक हिरवा दिवा होता. जोडलेला असला की स्थिर, तुटला की मिचमिचायचा. पाठ करून बसलेल्या अण्णांनी काही दिवसांतच खुर्ची पुन्हा फिरवली होती. मी इथून त्यांच्यावर नजर ठेवत होते आणि ते तिथून कॅमेऱ्यावर. वहीत रोजच्या वेळा मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, चारला शाळांच्या बस येतात, घराघरांत कॉम्प्युटर सुरू होतात आणि आपला दिवा मिचमिचतो. कालव्यावर वरच्यांनी दारं उघडली की खालच्याचं पाणी आटणारच, एवढं त्यांना कळत होतं. पुढचं कळत नव्हतं, म्हणून ते इमारतीखालच्या गनीकडे गेले.

गनी कासरगोडचा, मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं हातभर दुकान चालवणारा. त्याने लॅपटॉप आमच्या घरी आणून आसपासच्या सगळ्या वायफायची यादी दाखवली. तीस नावं. "चाचा, सब लोग छे नंबर पे बैठा है," तो म्हणाला. राऊटर बसवणारी माणसं ज्या चॅनलवर लावून गेली, त्याच चॅनलवर अख्खी इमारत चालली होती. चॅनल तसे तेरा, पण शेजारशेजारचे एकमेकांत घुसतात. एकमेकांना न लागणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. गनीने आमचं राऊटर अकरावर नेलं, कॅमेरा त्याच्या मागोमाग गेला, आणि दुसऱ्या दिवशी चार दहाला मला पडद्यावर अण्णा दिसले. लाडू वळावा तशा एकाग्रतेने ते अंतराची पेन्सिल तासत होते.

दोन दिवस हे सुख टिकलं. मग अण्णांनी त्यांच्या स्वभावाला धरून घोटाळा केला. आपल्याला सापडलेलं त्यांनी लपवलं नाही. लिफ्टमध्ये, जिन्यात, दुकानात, भेटेल त्याला सांगितलं की वायफाय अडत असेल तर अकरावर जा. आपल्याकडच्यांना अकरा हा आकडा शुभ, बाकीच्यांना फुकटचा सल्ला शुभ. आठवड्याभरात झाडून सगळी इमारत अकरावर आली आणि चार दहाला माझा चौकोन पुन्हा काळा झाला.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, "अण्णा, पुरे झालं आता. मला ऑफिसात बसवत नाही. मी तिकीट काढलंय."

अंतरा आतून म्हणाली, "ममा, दॅट्स नॉट फेअर." मी तिलाही गप्प केलं.

अण्णांनी विचारलं, "किती तारखेचं?"

"अठ्ठावीस जून."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "म्हणजे सतरा दिवस आहेत," ते म्हणाले आणि वही घेऊन आत गेले. मला वाटलं, सामान बांधायला दिवस मोजले.

पुढच्या सकाळपासून कॅमेऱ्यात मला अकराच्या सुमाराला रिकामी खुर्ची दिसू लागली. अण्णा वही घेऊन बाहेर पडायचे आणि एकला परतायचे. मी विचारलं नाही, माझा अबोला चालू होता. काय चाललंय ते मला लिफ्टमध्ये इतरांकडून कळलं. अण्णा पाळीपत्रक करत होते.

कालव्यावर पाळीपत्रक म्हणजे पाण्याच्या वाटपाचा कागद, कुणाला कधी आणि किती. अण्णांनी आमच्या इमारतीचा नकाशा काढला. पाच मजले, मजल्यावर सहा घरं. प्रत्येक घरात एक, सहा किंवा अकरा असा आकडा, आणि शेजारच्या, वरच्या, खालच्या घरात तोच आकडा येता कामा नये. चॅनलला ते चारी म्हणायचे. चारी म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणारा छोटा पाट. बघता बघता गनीही चारी म्हणू लागला. अण्णा घरी जाऊन माणसाला पटवायचे, गनी लॅपटॉप घेऊन मागून जायचा आणि आकडा बदलायचा.

सुरुवात त्यांनी केली पाचव्या मजल्याच्या टोकाच्या घरापासून. कालव्यावर पाणी आधी शेवटच्या शेताला द्यायचं आणि मग वर वर यायचं, ही त्यांच्या खात्याची रीत. टोकाच्या घरात मरियमबी एकट्याच असायच्या. दिवसभर दुकानात असणारा एक मुलगा शारजात, दुसरा कुवेतला. कुवेतच्या मुलाशी कॉम्प्युटरवर बोलताना त्याचा आवाज तुटायचा. तो तुटायचा थांबला तेव्हा त्यांनी अण्णांना खजूर दिले, आणि ते मधुमेहामुळे खात नाहीत हे कळल्यावर चणे भाजून दिले.

तिसऱ्या मजल्यावरचे मुरलीधर मात्र अडले. सोलापूरकडचे, एसीची कंत्राटं घेणारे. नेट माझं, बिल माझं, नंबर ठरवणारे तुम्ही कोण, असं त्यांनी सरळ विचारलं. उसाचे बागायतदार एकतीस वर्षं हाताळलेल्या माणसाला हे काय नवीन? अण्णा तीन दिवस त्यांच्याकडे नुसते जाऊन बसले. गावाकडचं बोलले, वायफायचा विषय काढला नाही. चौथ्या दिवशी मुरलीधरांच्या बायकोने, सत्यभामाने, आपण होऊन सांगितलं की संध्याकाळी गावाकडच्या बहिणीशी बोलताना तिचं चित्र सारखं अडकतं. तेव्हा अण्णांनी वही उघडली.

हे सगळं मला कळत गेलं तशी मी आतून वितळत होते, पण तोंडाने कबूल करणं माझ्या रक्तात नाही. शिवाय आमचं चित्र अजून बंदच होतं. पंचवीस जूनला मी न राहवून विचारलं की, एकोणतीस घरं झाली, मग आपलं का राहिलं? अण्णा म्हणाले, "पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने आधी स्वतःचं रान भिजवलं, तर त्याचं दुसऱ्या दिवसापासून कोण ऐकेल?" माणसाचं तिकीट तीन दिवसांवर आलेलं, आणि हा आपलं घर रांगेत शेवटी ठेवून शांत बसला होता.

सव्वीसला गनीने आमचं राऊटर एकवर नेलं.

त्या दिवशी चार वाजल्यापासून मी पडद्यासमोरून हलले नाही. चार दहा झाले, सव्वाचार, साडेचार. चित्र गेलं नाही. सत्तावीसलाही नाही. त्या दिवशी पावणेपाचला मला दिसलं की दार उघडून मरियमबी आत आल्या. त्यांनी अण्णांना काहीतरी विचारलं, अण्णांनी रिकामी बशी उचलून दाखवली आणि त्या समाधानाने परत गेल्या. सहाच्या आधी असंच सत्यभामा डोकावून गेली. इमारतीत दारोदार चहा नाकारताना अण्णांनी आपल्या मधुमेहाची कथा सगळ्यांना सांगितली होती, आणि आता ते वेळेवर खातात की नाही यावर तीस घरांचं लक्ष होतं. माझ्या कॅमेऱ्याला दोन तास पडून राहिलेला माणूस नुसता दिसला असता. या बायकांनी त्याला पडूच दिलं नसतं.

ऑफिसातूनच मी तिकीट रद्द केलं. सुजीतला फोन करून सांगितलं.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि वही माझ्यापुढे ठेवली. "लाभधारकांच्या सह्या असतात. तुझी एकच राहिली आहे." नकाशाखाली एकोणतीस सह्या होत्या, मल्याळीत, उर्दूत, इंग्रजीत. मी सही केली आणि पानं मागे चाळली. कॅमेऱ्याच्या वेळा कशा मांडल्या होत्या ते बघायचं होतं.

पहिल्या पानांवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं: ‘४.१० चित्र गेले. ४.१२ अनुपमाचा फोन. आवाज घाबरलेला. ४.२२ फोन. ४.४० फोन. जेवली नसावी.’ दुसऱ्या दिवशी: ‘४.०८ चित्र गेले. ४.०९ फोन. रडवेली.’ टॅक्सीने आले त्या दिवशी: ‘फोन घेता आला नाही. पोरगी दीड तास एकटी घाबरत आली. हे थांबवले पाहिजे.’ पोरगी म्हणजे मी. पानामागून पान हेच. मला वाटलं होतं, इथे राहायला मिळावं म्हणून त्यांनी हा सगळा खटाटोप केला. वहीत तिकिटाचा, पुण्याचा, वृद्धाश्रमाचा एक शब्द नव्हता. सव्वीसच्या पुढे फक्त एवढंच: ‘चित्र स्थिर. फोन नाही.’ सत्तावीसला: ‘चित्र स्थिर. फोन नाही.’

मी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. अण्णा तपासणीच्या नजरेने बघतात असं मी दहा वर्षं म्हणत आले. बघत होतेच ते.

दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीस जूनला, चार दहाला पडद्यावर लख्ख चित्र होतं. अण्णा आणि अंतरा पत्ते खेळत होते. मी फोन लावला. अण्णा दचकून उठले, आधी त्यांनी कॅमेऱ्याच्या दिव्याकडे पाहिलं आणि मग फोन घेतला.

"चित्र गेलं का?"

"नाही. दिसताय तुम्ही. सहजच केला."

मग आम्ही काहीबाही बोललो, भाजी काय आणायची वगैरे. फोन ठेवून ते खुर्चीत बसले, खिशातून पेन काढलं आणि वही उघडून काहीतरी लिहिलं. इतक्या लांबून मला ते वाचता आलं नाही, पण रात्रीच्या भाजीपेक्षा मला त्याचीच जास्त घाई होती. घरी गेल्या गेल्या मी वही उघडली.

‘४.१० चित्र स्थिर. अनुपमाचा फोन. काम काही नव्हते.’