आबांच्या अंगातली शेगडी

मुलांनो, जरा डोळे मिटा बघू. मिटून वाचता येणार नाही, म्हणून मनातल्या मनात मिटा. जानेवारीची सकाळ आहे. स्वेटर घालून तुम्ही शाळेला निघालात, आणि एकाएकी कोणीतरी तुमच्या छातीत शेगडी पेटवली! धग मानेवर चढते, तोंड लालबुंद होतं, घामाच्या धारा लागतात. पाच मिनिटांत सगळं विझतं आणि ओल्या शर्टात हुडहुडी भरते.

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या रुचिकाच्या आबांना, म्हणजे कोंडाजींना, असं दिवसातून आठ-दहा वेळा व्हायचं. पुरुषांच्या पोटात मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. आबांना तिथे कॅन्सर झाला होता. ज्या हार्मोनवर तो वाढतो, ते कमी करणारं इंजेक्शन त्यांना दर तीन महिन्यांनी घ्यावं लागे. कॅन्सर आटोक्यात आला, पण ही शेगडी मागे लागली. आबांनी ते कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही!

पालेगावात पुतण्याची, दिपेशची हळद होती. आबा फेटा बांधून पाहुण्यांत बसले होते. गरम चहा पोटात गेला आणि शेगडी पेटली. आबांनी फेटा ओढून काढला, शर्टाची बटणं सोडली आणि धडपडत मांडवाबाहेर आले. दारात दिपेशचा भाऊ सुजित उभा होता.

"काय वो काका, आज तुम्ही पण घेतली काय?"

सगळे हसले. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा भिंतीकडे तोंड करून बसले. "मी लग्नाला येत नाही. आणि परवाचं ते इंजेक्शन पण नको मला."

"इंजेक्शन नको? मग कॅन्सरला काय आमंत्रण देताय?" आजी, म्हणजे बनूबाई, त्यांच्यासमोर येऊन बसल्या. "काय होतं ते सांगा मला."

आबांनी अडखळत सांगितलं. बनूबाई हसल्या नाहीत.

"अहो, हे मला ठाऊक आहे. पाळी जायच्या वेळी मलाही व्हायचं. लावणीच्या चिखलात उभी असताना अंग पेटायचं. तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? बनीची नाटकं!"

आबांची मान खाली गेली.

"मी गप्प बसले, ते चुकलं माझं. ती चूक तुम्ही करू नका. रुचे, दवाखान्यात फोन लाव गं."

फोनवरच्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, हे इंजेक्शनमुळेच होतंय. पुष्कळांना होतं. मनाने इंजेक्शन सोडू नका हं! सुती कपडे घाला, चहा निववून प्या, तिखट कमी खा, जवळ गार पाणी ठेवा. फारच त्रास होत असेल तर त्यावरही उपाय आहेत, परवा डॉक्टरांना नक्की सांगा."

"बनू, मी तुला हसायला नको होतं गं," आबा हळूच म्हणाले.

"आता कळलं ना? मग उठा. फेटा डोक्यावर नको, हातात घ्या. वऱ्हाड थांबायचं नाही आपल्यासाठी."

मंगलाष्टकं चालू झाली आणि शेगडी पुन्हा पेटली. सुजित हसत पुढे आला. "काका, आज परत...?"

पण या वेळी आबा पळाले नाहीत! ते मोठ्याने म्हणाले, "सुजित, माझं कॅन्सरचं औषध चालू आहे, त्याचा घाम आहे हा. पाच मिनिटांत जाईल. तो पंखा फिरव इकडे!"

सुजितचं हसू मावळलं. "चुकलो काका," म्हणत त्याने मोठा पंखा आबांकडे वळवला आणि गार पाण्याची बाटली आणून दिली.

मुलांनो, दुखणं अंगाचं असतं, त्यात लाज कसली? कोणाला घाम फुटला, कोणी घाबरंघुबरं झालं, तर हसण्याआधी विचारावं. आणि आपल्याला त्रास होत असेल तर तोंड उघडून सांगावं. औषध चालू ठेवायचं धैर्य त्यातूनच येतं.

रुचिका हे सगळं पाहत होती. मांडवाच्या कोपऱ्यात सुजितची आई, म्हणजे रुचिकाची विठाआजी, एकटीच पदराने मान पुसत होती. चेहरा लालबुंद, आणि कोणी पाहत तर नाही ना, अशी नजर.

रुचिकाने आबांशेजारी एक खुर्ची ओढली. मग धावत जाऊन विठाआजीचा हात धरला.

"आजी, तिकडे चल. आबांजवळ छान वारा येतो."