खणातला तांबडा

मी फळ्यावरचं तांबडं चुंबक बोलतोय. कोटाच्या बटणाएवढा माझा जीव. सध्या मुक्काम टेबलाच्या तिसऱ्या खणात. सोबतीला एक स्टेपलर आहे, पण तोही तोंड मिटून बसलेला. म्हणून तुम्हालाच सांगतो.

कारखान्यात एका पाकिटात आम्हाला भरलं, अकरा निळे आणि मी एकटा तांबडा. पाकीट पोचलं एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिथे दवाखान्यांसाठी एक प्रणाली बनत होती. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कॉम्प्युटरवरून थेट वॉर्डात, नेमक्या रुग्णाच्या नावावर पोचवायचं. भिंतीवर लांबलचक पांढरा फळा, त्यावर तीन रकाने: 'करायचं', 'चालू', 'झालं'. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर ते करणाऱ्याचं नाव. माझे निळे भाऊ एकेक चिठ्ठी धरून उभे राहिले. मला मात्र ताईंनी उचललं.

ताई तपासणीच्या प्रमुख होत्या. इतरांनी बनवलेलं वापरून बघायचं आणि त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. पाठीमागे सगळे त्यांना 'चाळणी' म्हणत आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं.

"हा तांबडा ज्या चिठ्ठीवर बसेल, ते काम बाहेर जाणार नाही. मी लावणार आणि मीच काढणार. काढला म्हणजे तपासून झालं समजा. मधे कुणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो."

चार वर्षं हा नियम कुणी मोडला नाही. मलाही जरा शिंगं फुटली होती, खोटं कशाला बोलू! धडधाकट माणसं माझ्यापुढे येऊन गयावया करत. एक प्रोग्रामर तर सदा घोड्यावर बसलेला. त्याला सगळे 'घाई' म्हणत.

"ताई, काढा ना हो तो तांबडा! झोप उडालीये माझी."

"तुझी उडाली तर चालेल रे. पेशंटची उडायला नको."

या कामावरच्या सगळ्यांचा प्रमुख होता कप्तान. नोकरीला लागला तेव्हा तो ताईंच्याच शेजारी बसून शिकला. त्याच्या हातून पहिली मोठी चूक झाली, तेव्हा "माझ्या नजरेतून सुटलं" म्हणत ताईंनी ती स्वतःच्या अंगावर घेतली होती. पुढे तो त्यांचा वरिष्ठ झाला, तरी त्या त्याला 'अरे' म्हणत आणि तो त्यांना 'अहो ताई'.

एके दिवशी ताईंनी मला एका चिठ्ठीवर बसवलं. 'एकाच नावाचे दोन रुग्ण' असं तिच्यावर लिहिलेलं. एका वॉर्डात सारख्या नावाचे दोघं असतील, तर प्रणालीने थांबून विचारायला हवं. ती कधी विचारायची, कधी नाही. ताई शोध घेतच होत्या, तेवढ्यात घरून फोन आला. वडील न्हाणीघरात पडले होते. पर्स उचलता उचलता त्यांनी फळ्याकडे पाहिलं. मी जागेवर होतो. तेवढ्या भरवशावर त्या कुणाला काही न सांगता धावत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्याकडून कौतुकाचं पत्र आलं. ते सगळ्यांना दिसावं म्हणून कप्तानाला चहाच्या खोलीतल्या फ्रिजवर लावायचं होतं. कानाला फोन लावूनच तो चुंबक शोधत फळ्यापाशी आला. निळा काढला असता तर चिठ्ठी पडली असती. माझ्या चिठ्ठीला मात्र निळ्याचाही आधार होता. मला काढून काहीच पडणार नव्हतं, म्हणून त्याने मला काढलं आणि पत्रासकट फ्रिजवर लावलं. पत्र सगळ्यांनी वाचलं, माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

थोड्या वेळाने घाई फळ्यापाशी आला असणार. तांबडा दिसेना, तेव्हा ताईंनी जाताना काढला असं त्याने धरलं आणि चिठ्ठी 'झालं'मध्ये सरकवली. इतरांनीही तेच धरलं. काम बाहेर गेलं.

ताईंचे चार दिवस म्हणता म्हणता नऊ झाले. सातव्या दिवशी एका वॉर्डात एका आजींना त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या बाईंचं औषध दिलं गेलं. आजी वाचल्या, पण त्यांची वाचा गेली. आता त्या खुणेनं पाणी मागतात.

ताई परतल्या त्याच दिवशी बैठक झाली. चहाच्या खोलीची भिंत पातळ, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नियम तुमचाच ना?" मोठे साहेब विचारत होते. "मग तुमच्याशिवाय काढला कुणी?"

"मी लावला होता, साहेब. म्हणजे... फोन आला तेव्हा मी गोंधळले होते. मीच काढला असेल का? अरे कप्तान, तुला काही आठवतं?"

"नाही, ताई."

तेव्हा त्याला खरंच आठवत नव्हतं, एवढी साक्ष मी देतो. बैठकीतून उठून तो पाणी प्यायला आला. फ्रिजच्या दाराला हात घातला आणि समोर मी. आता त्याला सगळं आठवलं. पलीकडे ताईंचा आवाज अजून येत होता. दहा पावलांचं अंतर होतं. त्याने मागे वळून पाहिलं, मला उपटलं आणि खिशात घातलं. कौतुकाचं पत्र तरंगत खाली गेलं.

ताईंनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्या कप्तानाच्या टेबलापाशी आल्या. तेव्हा मी याच खणात होतो.

"तू मनाला लावून घेऊ नकोस रे. माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. आता माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही बघ. घरी गॅस बंद केला का, ते तीन-तीनदा उठून बघते." मग म्हणाल्या, "तो तांबडा कुठे दिसत नाही. नवीन आणा, पण नियम ठेवा."

मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं आणि स्टेपलरवर झेपावलो. टक् असा आवाज झाला.

"काही पडलं का रे?"

"काही नाही, ताई."

त्याला आता वर्ष झालं. तो अधूनमधून खण उघडतो, माझ्याकडे बघतो आणि लोटून देतो. कप्तान, मला तुझा राग नाही, मला ताईंचं वाईट वाटतं. समोर जाऊन बोलवत नसेल, तर मला एका पाकिटात घाल. सोबत चिठ्ठी ठेव आणि तिच्यावर लिही, 'फ्रिजवर मी लावला'. तीनच शब्द. मग ताई गॅस एकदाच बघतील.