मोठे टायर आणि सूनबाईची किल्ली

लेकाने जीपला मोठाले टायर बसवले. डिझेल जास्त जायला लागलं, तशी त्याने सूनबाईकडून किल्ली काढून घेतली. खाणीवर डबे पोचवायचं काम तिचं, किल्ली गेली की कामही गेलं.

"ही सारखी खालच्या गिअरमध्ये चालवते, आई," म्हणाला.

सून भरलेल्या डब्यांची झाकणं लावत राहिली. गप्प बसणं मला जमत नाही. दारात त्याच्या बापाचे जाडजूड गमबूट होते. म्हटलं, "हे घाल आणि गच्चीवर जाऊन ये."

आला तो धापा टाकत.

"पावलं मोठी झाली ना? मग दम का लागला?"

"जड आहेत गं!"

"मग जीपला काय पिसं लावलीस? टायर वाढवलेस, आतले गिअर तेच ठेवलेस. चढावर खालच्या गिअरमध्ये टाकू नये, तर काय खांद्यावर घ्यावी तिने?"

सूनबाईला आता कंठ फुटला. "आणि मीटर अजून जुन्या चाकांच्या हिशेबाने अंतर कमी दाखवतोय. किलोमीटरमागे वाटतं तेवढं डिझेल जातच नाही."

लेकाने किल्ली तिच्या हातात ठेवली. "आतले गिअर बदलून घेतो," म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

"राहू देत," मी म्हटलं. "आधी डबे जीपमध्ये नेऊन ठेव."