माझ्या अंगावर भाऊंचा चेहरा

मी बारा मीटरचा पतंग बोलतोय. संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. माझ्या अंगात पंपाने हवा भरतात. माझ्या दोऱ्या एका दांड्याला बांधलेल्या असतात आणि तो दांडा माणसाच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवतात. पायाला फळी बांधून माणूस पाण्यात उतरतो. मी ओढतो आणि तो पाण्यावरून सुसाट जातो. एवढंच माझं काम.

मला आता माणसांची किळस येते. का येते, ते ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या लोकांनी माझ्या कडेला एक पट्टी शिवली आणि तिच्यावर लिहिलं की हा पतंग हलक्या वाऱ्यासाठी आहे. माझं अंग मोठं, बारा चौरस मीटर कापडाचं, म्हणून मंद वाऱ्यातही मी माणसाला ओढतो. जोराच्या वाऱ्यात मात्र लहान पतंग घ्यायचा असतो. मला बाहेर काढलं तर मी माणूस आणि दगड असा फरक करत नाही. ओढत सुटतो. माझा स्वभावच तसा. तो मला बदलता येत नाही, म्हणून निवड माणसाने करायची असते.

नाशिकजवळच्या एका धरणाच्या पाण्यावर यादव नावाच्या माणसाने क्लब काढला. त्याने मला आणला आणि माझ्याबरोबर सात मीटरचा माझा धाकटा भाऊही आणला. आम्हाला उडवणारा माणूस होता धम्मपाल. नाशिक रोडचा पोरगा, अंगाने काडी, पण हात शहाणा.

धम्मपाल सकाळी आला की कुणाशी बोलायच्या आधी पाण्याकडे बघायचा. पाणी नुसतं थरथरत असेल तर मला काढायचा. लाटांवर पांढरा फेस दिसला की मला पिशवीतच ठेवायचा, सात मीटरचा घ्यायचा आणि फळीसुद्धा लहान घ्यायचा. त्याचा धाकटा भाऊ रोहित सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर यायचा. रोहितने शाळा अर्धवट सोडली होती. तो टायरच्या दुकानात कामाला होता.

"दादा, मोठा घे ना! लय भारी दिसतो."

"भारी दिसतो म्हणून घेतला ना, तर मला उचलून थेट नाशिक रोडला टाकेल. आईच्या पुढ्यात."

"बरंय की. बसचं तिकीट वाचेल."

दोघं हसायचे. मीही पिशवीत हसायचो. माणसं मला तेव्हा आवडायची.

मग भाऊंचा वाढदिवस आला.

हे भाऊ म्हणजे निवडणुकीला उभे राहणार होते ते. नाशिकच्या सगळ्या चौकांत त्यांचे फलक लागले होते. हात जोडलेले, गॉगल लावलेला, खाली शंभर पोरांचे फोटो. जमिनीवर जागा उरली नाही म्हणून यादवला आभाळ सुचलं. त्याने माझ्या पोटावर भाऊंचा हा एवढा मोठा चेहरा चिकटवला. त्या डिंकाचा वास मला अजून येतो.

त्या दिवशी पावसाळी वारा सुटला होता. धरणावर जिकडे बघावं तिकडे फेस होता. काठावर ढोल होता, पोरं होती, मोबाईल होते. भाऊ खुर्चीत बसले होते.

"धम्या, बारा मीटरचा काढ," यादव म्हणाला.

"सर, पाणी बघा जरा. आज सात मीटरचाच अंगावर येईल. हा तर मारून टाकेल."

"सातवर चेहरा मावत नाही. तो स्टिकरवाला म्हणाला, एक तर मिशी ठेवा नाहीतर नाव ठेवा."

"मग संध्याकाळी करू. वारा पडल्यावर."

"संध्याकाळी भाऊ सातपूरला केक कापणारेत. तुला भीती वाटत असेल तर सांग. तो नवा वाळू आहे, तो उडवेल."

वाळू नवा पोरगा होता. पेठकडून आलेला. त्याला अजून दांडा नीट धरता येत नव्हता. धम्मपालने त्याच्याकडे पाहिलं. तो कमरेचा पट्टा घालून तयारच उभा होता, खुशीत.

"वाळूला नको," धम्मपाल म्हणाला. "मी जातो. वर नेतो, फोटो झाले की लगेच उतरवतो."

रोहितने त्याचा दंड धरला. "दादा, नको ना. मर्द बनायला चाललास का?"

"हट. धर पतंग. सांगेन तेव्हा सोड."

रोहितने मला काठावर धरून उभं केलं आणि मी वर गेलो. भाऊंचा चेहरा आभाळात गेला. खाली शिट्ट्या वाजल्या. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि मी धम्मपालला उचललं. त्याचे पाय पाण्याला लागलेच नाहीत. वारा धरणाच्या बांधाकडे वाहत होता आणि बांधाला सगळीकडे दगड लावलेले होते.

यावर उपाय असतो. छातीपाशी एक लाल मूठ असते. ती पुढे ढकलली की माझा सगळा जोर जातो आणि मी मेल्यासारखा खाली पडतो. धम्मपालचा हात त्या मुठीवर गेला होता. मी सांगतो, गेला होता.

"दादा, सोड! सोड त्याला!" रोहित काठावरून पळत ओरडत होता.

"सोडू नको रे!" यादव ओरडला. "भाऊंचा चेहरा चिखलात जाईल! वरच ठेव!"

धम्मपालचा हात थबकला. क्षणभर, बस, तेवढंच. पोराला मालकाचं ऐकायची सवय लागलेली. नंतर त्याने मूठ ढकलली, पण तेव्हा दगड आले होते.

माझी किळस इथून सुरू होते. ढोल थांबला, मोबाईल थांबले नाहीत. भाऊंची गाडी निघून गेली. रोहित दगडांवर भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आणि यादव धावत आला तो माझ्याकडे. त्याने आधी माझ्या पोटावरचा चेहरा नखांनी सोलून काढला, त्याची गुंडाळी करून काखेत मारली आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला.

दुसऱ्या दिवशी नाशिक रोडच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर भाऊ मोठे होते, हात जोडलेले. धम्मपाल कोपऱ्यात होता, आधारकार्डावरच्या फोटोएवढा. रोहितने तो फलक रात्री उतरवला नाही. भरदुपारी, लोकांच्या देखत फाडला.

घरी भेटायला आला तेव्हा यादव मलाच घेऊन आला. "दादाची आठवण म्हणून ठेव," म्हणाला. त्यांच्या आईने, मैनाबाईने, मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती माझ्याकडे बघायची नाही, मला ओलांडायची नाही, वळसा घालून जायची. मला ते पटत होतं.

आज सकाळी यादव पुन्हा आला. चपला न काढताच उभा राहिला.

"रोहित, तो पतंग जरा दे रे. रविवारी आपल्या नगरसेविका ताईंचा वाढदिवस आहे. एवढा मोठा दुसरा नाही माझ्याकडे. झाला की परत आणून देतो."

"कोण उडवणार?"

"वाळू आहे ना. शिकला आता. आणि वाऱ्याचं काय, वारा तर रोजच असतो."

रोहित उठला. आत गेला आणि टायरची ट्यूब कापायचा सुरा घेऊन आला. यादव मागे सरकला. त्याला वाटलं, सुरा आपल्यासाठीच. पण रोहित माझ्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने पहिला वार माझ्या मधोमध केला.

"अरे येड्या! बाहेरचा माल आहे तो! असा मिळत नाही इथं!"

माझं कापड चिवट. ओढलं तर सरकतं, सुऱ्याखाली गोळा होतं. रोहितला डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, कापणी वाकडी जात होती. तेव्हा मैनाबाई बाहेर आली. इतके दिवस मला न शिवलेली ती बाई खाली बसली आणि तिने माझी एक कड दोन्ही मुठींत धरून ताणली.

"घट्ट धरलंय मी," ती म्हणाली. "आता काप."

काप रोहित, लवकर काप. माझा मोठा तुकडा ठेवू नकोस, त्यावर पुन्हा कुणाचा तरी चेहरा मावेल.