पावणेदोन तासांवरची दुबई

राई गावच्या राघोने तीस वर्षं उत्तनच्या मासेमारी होड्यांवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून काढली. समुद्रातलं अंतर त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण लेकीने, दिव्याने, दुबईहून आईचं विमानाचं तिकीट फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. मुंबई ते दुबई, एक हजार नऊशे तीस किलोमीटर. सकाळी दहाला सुटणार, पावणेबाराला पोचणार.

"पावणेदोन तास?" त्याने तीनदा विचारलं. त्याच्या होडीचं इंजिन दिवसरात्र रेटलं असतं तरी सहा दिवस लागले असते. मग आठवडाभर चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, सापडेल त्याला त्याने हे सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, दुबईला हाच निघालाय.

निघाली होती मंदा, त्याची बायको. दिव्याचे दिवस भरत आले होते. जायच्या दिवशी सकाळी मंदाला विमानतळावर सोडताना राघोने बजावलं, "पोचलीस की आधी फोन कर." घरी येऊन त्याने चहा केला, भांडी घासली, ओट्यावर पालथी घातली आणि घड्याळासमोर बसला.

पावणेबारा झाले. बारा झाले. सव्वाबारा. मंदाचा फोन बंद. दिव्याला विचारावं तर भरल्या दिवसांची पोर, उगाच हाय खायची. राघो उठून येरझारा घालू लागला. आणि तेव्हाच त्याची नजर ओट्यावर गेली.

मंदाचा एक नियम होता. राघो समुद्रावर असेपर्यंत घरात एकही भांडं पालथं घालायचं नाही, नाहीतर होडी पालथी होते. तीस वर्षं ती घासलेली भांडी फडक्याने पुसून सुलटी ठेवत आली, आणि तीस वर्षं तो तिला हसत आला. आता त्याने पातेलं सुलटं केलं. मग कप, ताटल्या, गाळणीसुद्धा. सगळं झालं तरी घड्याळ पुढेच सरकत होतं. ही बाई बारा-बारा दिवस अशी कशी बसली असेल? त्याला स्वतःची लाज वाटली.

दोन वाजता जावयाच्या, जितेशच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे मंदा होती.

"पोचले. इथं आत्ता साडेबारा झालेत. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं हाय म्हणं. विमान सव्वातीन तास उडत व्हतं."

ज्या समुद्रात राघोचं आयुष्य गेलं, तिथे घड्याळ कधी बदललं नव्हतं. त्याला तिच्यावर ओरडायचं होतं, पण त्याने फडकं उचललं आणि सुलटं पातेलं पुसायला घेतलं.

"खिडकीतनं दर्या बघितला," मंदा हळू आवाजात म्हणाली. "त्याला टोकच न्हाय वो. आन् त्याच्यात होड्या, तांदळाच्या दाण्यायेवड्या. तुमी तीस वर्षं त्या दाण्यात व्हता." मग म्हणाली, "बरं झालं, तवा दिसलं न्हाय. दिसलं असतं तर तुमाला उंबरा वलांडू दिला नसता."

राघोने डोळे पुसले.

"ऐकताय ना? काय करताय?"

"भांडी पुसतोय."

मंदाने विचारलं, "फडक्यानं?"

"फडक्यानंच," राघो म्हणाला. "तू घरी येईपर्यंत."