कपाटातल्या घड्या

बाळ बघायला जाताना लोकांना नेमकं काय होतं, मला कळत नाही. दुकानात शिरतात, इवलंसं टोपडं दिसलं की विरघळतात, आणि जिने नऊ महिने काढले तिची आठवणसुद्धा राहत नाही. मी फ्रेमा बनवते, त्यामुळे माझी भेट ठरलेली. कोणाला आवडो न आवडो, भिंत सगळ्यांच्या घरी असते.

माझ्या धाकट्या भावाला, ढब्बूला, मुलगी झाली. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "ताई, माझा तो महिन्याभराचा फोटो आहे ना तुझ्या दुकानात? त्याच्या शेजारी हिचा लाव. एकाच फ्रेममध्ये. बघू तरी नाक कोणाचं आहे."

"आणि तिच्या आईला काय आणू?"

"तिला कशाला काही? एवढं बाळ मिळालंय की!"

शिवी ओठांवर आली होती, गिळली. तरी भावजयीसाठी पुढून बटणं असलेले दोन मऊ गाऊन घेतले आणि सकाळीच त्यांच्याकडे गेले.

त्या जुन्या फोटोचं सांगायला हवं. तो माझ्या कामाच्या टेबलासमोर लटकत असतो. पांढऱ्या पुठ्ठ्याला गोल खिडकी, त्यातून फक्त ढब्बूचं टकलू डोकं. एकोणिसाव्या वर्षी हे काम शिकले तेव्हा मी कापलेली ती पहिली खिडकी. आम्हाला वाढवलं ते आत्याने. ती म्हणाली होती, "बाळाच्या फोटोत तुमच्या आईचं तोंड नको." मी तेवढं झाकून टाकलं. ढब्बूला सांगितलं होतं की आई तापाने गेली. इतक्या वेळा सांगितलं की कपाळावरची ओली पट्टीसुद्धा मला दिसायला लागली होती.

दार भावजयीनेच उघडलं. केस विंचरलेले, घर लख्ख. ही बाई एरवी वेंधळी. हिच्या किल्ल्या एकदा फ्रीजमध्ये सापडल्या, त्यावरून आम्ही अजून तिला छळतो. तिने गाऊन घेतले, "छान आहेत," म्हणाली आणि घडी न मोडता बाजूला ठेवले.

"ताई, इकडे ये, कपाट बघ!" ढब्बू आतून ओरडला.

बाळाला आलेल्या सगळ्या भेटी तिथे लावलेल्या होत्या. खालच्या कप्प्यात तीन महिन्यांपर्यंतचे कपडे, वर सहा महिन्यांपर्यंतचे, मग वर्षाचे, अगदी वर दोन वर्षांचे. प्रत्येक गठ्ठ्यावर पांढरी चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात.

"स्वतःचा चष्मा शोधायला मला कामाला लावायची ही! आता बघ. आई झाली आणि सुधारली," ढब्बू म्हणाला.

"कोणालाही सापडायला हवं ना," भावजय म्हणाली.

मी चिठ्ठ्या खालपासून वरपर्यंत पुन्हा वाचल्या. तेवढ्यात बाळ रडलं. मी उचललं तसं गप्प झालं. भावजय बघत राहिली आणि हसून म्हणाली, "तुमच्याकडे किती छान राहते. माझी तशी काही गरज नाही हिला."

हे वाक्य मी अकरा वर्षांची असताना ऐकलं होतं, याच सुरात. आईनेही कपडे असेच लावले होते, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्या टापटिपीचं कौतुक करून गेली होती. एका दुपारी तिने ढब्बूला माझ्या मांडीवर दिलं. "तुझ्याकडे छान राहतो गं. माझी काही गरज नाही त्याला," म्हणाली, चपला घातल्या आणि गेली. ती दोन दिवसांनी कालव्यात सापडली.

मी ढब्बूला बाहेरच्या खोलीत ओढलं. "मी तासाभरात येते. तोवर तिला एकटीला सोडून कुठे जायचं नाही. दूध आणायलासुद्धा नाही."

"हुकूम सरकार!" तो हसला.

दुकानात येऊन मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला. खाली आई होती. तिच्या मांडीवर ढब्बू होता, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती, कॅमेऱ्याकडेही नाही. मागे उघडं कपाट, कपाटात गठ्ठे. इतकी वर्षं दुकानात एकटी असले की मला वाटायचं, कोणीतरी पाठीशी उभं आहे. मी सारखी वळून बघायचे. ती मागे कधीच नव्हती, समोर होती.

मला फार भीती वाटत होती. ढब्बूखेरीज मला दुसरं कोणी नाही, आणि तापाची ती थाप माझ्याही तोंडची होती. पण गप्प बसले तर भावजय जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

परत गेले तेव्हा ढब्बू स्वयंपाकघरात होता. मी फोटो त्याच्यापुढे ठेवला. आईचा चेहरा तो पहिल्यांदाच बघत होता.

"तापात काढलाय?"

"ताप नव्हता, ढब्बू."

सगळं सांगितलं. कपाट, चिठ्ठ्या, चपला, कालवा. तो पांढराफटक पडला. "आणि तू मला इतकी वर्षं..." एवढंच म्हणाला.

भावजय दारात उभी होती, बाळाला घेऊन. कधी आली कळलंच नाही. ती पुढे आली आणि फोटोवर वाकली.

"मग कपडे सापडले सगळे?" तिने विचारलं.

ढब्बूने मान वर केली. आत्ता कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"सापडले," मी म्हणाले. "सगळे मीच घातले त्याला. दोन वर्षांपर्यंतचे होते. पुढचं तिने काही ठेवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी याला काय घालायचं ते मला कळेना, म्हणून मी रिकाम्या कपाटासमोर बसून रडले."

भावजय खुर्चीत बसली. "मला झोपच लागत नाही, ताई. सारखं वाटतं, मी नसले तर सगळ्यांचं नीट होईल." मग म्हणाली, "सगळे बाळ कसंय विचारतात."

मी बाळ घेतलं. ढब्बू उठला तो थेट कपाटाकडे गेला आणि एकेक गठ्ठा पलंगावर ओतायला लागला. तीन महिने, सहा महिने, दोन वर्षं, सगळी सरमिसळ. चिठ्ठ्या फाडल्या. एवढा बाप्या माणूस हुंदके देत झबली विस्कटत होता. "आता कोणाला काही सापडायचं नाही," तो म्हणत होता. "कोणाला काही सापडायचं नाही."

मी डॉक्टरांना फोन करून त्याच दुपारची वेळ घेतली आणि तिला एकटीला ठेवायचं नाही, तेव्हा मी इथेच राहणार, असं दोघांना सांगितलं. ढब्बू माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पुढेही बरेच दिवस बोलला नाही.

डॉक्टरांकडे निघताना बाळाला टोपडं हवं होतं. मी तो ढीग दोनदा उपसला. एक मोजा हाती लागला, तोही दोन वर्षांचा.

"तुम्हाला नाही सापडणार, ताई," भावजय म्हणाली. "सरका." आणि ती पलंगावर बसून ढिगात शोधायला लागली.